गावातली जुनी टॉकीज पाडतायत, कमानीवरचं साल अर्धंच उरलंय. कुणाला काही माहिती?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव सुरत-भुसावळ लाईनवर, अमळनेर-धरणगावच्या पट्ट्यात. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण टॉकीजच्या जागेवरून भाऊबंदकीची केस चालू होती, आत्ता कुठे मिटलीये आणि लगेच जेसीबी येऊन उभा राहिलाय. म्हणजे पुढच्या पंधरा दिवसांत ती जाणार हे नक्की. टॉकीज बंद पडून पण बरीच वर्षं झाली, मधे तिथे कापसाच्या गाठी ठेवायचे, मग खताचं गोडाऊन, मग नुसती वटवाघळं.

तर प्रश्न असा की ही बांधली कधी? समोरच्या कमानीवर सिमेंटमधे साल कोरलंय, १९४ एवढं नीट दिसतं आणि शेवटचा आकडा फुटलाय, नुसतं खालचं शेपूट राहिलंय. आजोबा आता ९४ चे आहेत, ते म्हणतात, मन्हं लगीन व्हयेल नव्हतं तव्हय मी तठे पिच्चर देखेल शे. वडील म्हणतात ही आधी जीन होती, कापसाची, नंतर टॉकीज केली. पानटपरीवाला म्हणतो इंग्रजांनी बांधली, पण तो गावातल्या पाण्याच्या टाकीबद्दलही तेच म्हणतो.

मला एक छोटा लेख लिहायचाय आणि पाडायच्या आधी फोटो काढून ठेवायचेत. कागद कुठे मिळतील, आणि बिल्डिंगवरून काही कळतं का, कुणी सांगेल काय?

खडूस_काका

शेपूट तर १, २, ३, ६, ९ सगळ्यांनाच असतं भो, तू काही उरवलंच नाहीस. शून्य, चार, पाच, सात, आठ गेले म्हणजे अर्धं काम झालं असं समज.

आजोबांचं लग्न कधीचं ते बघ आधी. आणि टपरीवाल्याचं एक बरोबर असू शकतं, १९४६ असेल तर इंग्रज होतेच की.

तापीकाठ

काका लग्नाची पत्रिका कुठली असणार. मोठ्या आत्याचा जन्म १९५१ चा, शाळेच्या दाखल्यावर आहे, म्हणजे लग्न त्याच्या आधी. याने काहीच ठरत नाही, मी करून बघितलं 😅

ऑपरेटरचा_पोरगा

दादा माझे वडील टॉकीजमधे ऑपरेटर होते, तुमच्या गावात नाही, शहाद्याच्या बाजूला, पण मशीनरूममधेच वाढलोय म्हणा. शाळेतून सुटलो की जेवणाचा डबा घेऊन वर जायचो आणि मग खाली यायचोच नाही. मशीनमधे उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जाळायचे, त्यांचे उरलेले तुकडे गोळा करायचो, त्यावरचं तांब्याचं साल सोलून भंगारवाल्याला द्यायचो, तेवढ्यात शेंगदाणे यायचे.

बिल्डिंगवरून कळतं. तीन गोष्टी बघून या.

एक म्हणजे मशीनरूमच्या भिंतीला पडद्याकडे जी चौकोनी भोकं असतात त्यांना लोखंडी झडपा आहेत का. पूर्वीची फिल्म नायट्रेटची असायची, पेट घेतला की विझायची नाही, पाण्यात टाकली तरी जळत राहायची, म्हणून आग लागली की झडपा धाडकन खाली पडून मशीनरूम बंद झाली पाहिजे अशी सोय असायची. पण यावरून साल काढू नका हां, सहज पेट न घेणारी सेफ्टी फिल्म पन्नासच्या दशकात आली तरी झडपा पुढे कितीतरी वर्षं बसवत होते. वडिलांच्या टॉकीजला पण होत्या आणि ती साठ सालानंतरची.

दुसरं, मागच्या बाजूला कुठे सिमेंटचा जाडजूड ओटा आणि त्यात बोल्ट उभे आहेत का बघा. तो ऑईल इंजिनाचा ओटा. कार्बन जाळायला डीसी करंट लागतो, गावात लाईट नसायची किंवा असली तरी भरवसा नसायचा, म्हणून इंजिन आणि डायनामो स्वतःचा. नंतर लाईनच्या करंटचा डीसी करणारे रेक्टिफायर आले आणि इंजिनं विकली, ओटे तसेच राहिले.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पडद्याच्या मागची भिंत. जुना पडदा जवळपास चौकोनी असायचा, रुंदी उंचीच्या सव्वापट-दीडपटीच्या मधे कुठेतरी. आपल्याकडे हिंदीत सिनेमास्कोप १९५९ ला आला, स्कोपला पडदा उंचीच्या सव्वादोनपटीपेक्षा जास्त रुंद लागतो. म्हणजे ज्या टॉकीजा त्याच्या आधीच्या, त्यांना नंतर पडद्याच्या दोन्ही बाजूच्या भिंती फोडाव्या लागल्या. प्लास्टरमधे तो जुना चौकोन दिसतोच, नीट बॅटरी मारून बघा.

तापीकाठ

दादा तुम्ही तर देवमाणूस. आज संध्याकाळी पुतण्याला घेऊन गेलो, मागचं दार मोडलंच होतं. ओटा आहे!! सहा बोल्ट, गंजलेले, वर कुणीतरी तुळस लावलीये. झडपा दोन शिल्लक, एक गेलेली. आणि पडद्याच्या मागे तुम्ही म्हणालात तसंच, मधे नक्षीची चौकट, वेलबुट्टी काढलेली, आणि दोन्ही बाजूंनी ती मधेच कापलीये, पुढे नुसतं ओबडधोबड प्लास्टर. म्हणजे वेलीचं अर्धं पान इकडे आणि अर्धं गायब. इतकी वर्षं पडद्यामागे होतं, आम्हाला कुणाला माहीतच नाही.

खडूस_काका

म्हणजे १९५९ च्या आधीची. ते तर कमानीवरच लिहिलंय बाबा, १९४ काहीतरी.

ऑपरेटरचा_पोरगा

काका कमान जीनची असू शकते ना, त्याचे वडील म्हणतायत तसं. पडद्याची नक्षी जीनमधे कशाला कोण काढेल. आता एवढं कळलं की सिनेमासाठीच भिंत बांधली आणि ती स्कोपच्या आधी बांधली.

भुसावळकर

मधे घुसतो. टॉकीजच्या तारखेत मला फार गती नाही पण कागदाबद्दल सांगतो, आणि एक गोष्ट जी खान्देशातल्या लोकांनाच आता माहीत नाही ती पण.

लोकांना वाटतं आपल्याकडे पिक्चर मुंबईहून यायचे. नाही. भुसावळहून यायचे. सिनेमाच्या धंद्यात देशाचे जे भाग पाडलेत त्याला सर्किट म्हणतात, आपण महाराष्ट्रात असलो तरी मुंबई सर्किटमधे नाही, आपण सीपी बेरारमधे, विदर्भाच्या आणि तिकडच्या मध्य प्रदेशच्या बरोबर. आणि या सगळ्या मधल्या पट्ट्याची वितरकांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, तिचं मुख्य ऑफिस भुसावळला. लोकांना भुसावळ म्हटलं की केळी आणि इंजिनशेड एवढंच आठवतं. पण नकाशा बघा, मुंबईहून येणारी लाईन तिथे फुटते, एक नागपूरकडे, एक खंडवा-इटारसीकडे, आणि जळगावहून सुरतेकडे तिसरी. रिळांच्या पेट्या रेल्वेनेच जायच्या, मग दुसरीकडे कुठे ऑफिस टाकणार?

माझ्या लहानपणी प्लॅटफॉर्मवर पत्र्याच्या पेट्या रचलेल्या असायच्या, अष्टकोनी झाकणाच्या डब्यांच्या, वर गावाचं नाव रंगवलेलं. आम्ही नावं वाचून ठरवायचो कुठल्या गावाला काय लागणार. शुक्रवारची पेटी गुरुवारच्या पॅसेंजरला चढली नाही तर त्या गावात शुक्रवारी जुनाच पिक्चर.

आता कागद. सिनेमाचं लायसन कलेक्टरकडून मिळतं, मुंबई सिनेमा नियमन कायदा १९५३ चा, त्याच्याआधी १९१८ च्या कायद्याखाली. म्हणजे टॉकीज चाळीसच्या दशकातली असेल तर पहिलं लायसन १९१८ वाल्या कायद्याचं. आणि रेकॉर्ड रूममधे जळगाव जिल्हा म्हणून मागू नका, १९६० पर्यंत नाव पूर्व खान्देश होतं, जुने गठ्ठे त्याच नावाने बांधलेले असतात. करमणूक कर शाखेत विचारून काही होणार नाही, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तिकिटावरचा तो कर त्यात गेला. नगरपालिकेत घरपट्टीचं जुनं आकारणी रजिस्टर मागा आणि सिटी सर्व्हेत मिळकत पत्रिका. मिळकत पत्रिकेवर बिनशेतीचा आदेश आणि तारीख असते कधी कधी.

तापीकाठ

घरपट्टीचं आधीच विचारलं होतं. कारकून म्हणाला जुनी रजिस्टरं पुरात गेली. कुठला पूर ते सांगेना. सोमवारी या म्हणाला.

खडूस_काका

सोमवारी या म्हणजे मिळणार. नाही म्हणायचं असतं तर बुधवार सांगतात.

माहेरवाशीण

मी एवढी सगळी पुरुषमंडळी बोलतायत म्हणून गप्प होते पण लेडीज बाजूचं कुणी लिहिणार नाही म्हणून लिहिते.

माझं माहेर त्याच पट्ट्यातलं, बहुतेक तुमच्याच गावचं आहे भाऊ, तुळस लावलेला ओटा म्हणालात तेव्हाच ओळखलं. टॉकीजच्या बाजूला पिठाची गिरणी होती ना? आणि समोर वडाच्या पारावर शेवभाजीचं हॉटेल.

आमच्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके, गौराई, सगळं. पण माझ्या वेळी आखाजी म्हणजे दुपारचा तीनचा शो. सासरी पिक्चर बघायची सोय नव्हती, त्यामुळे वर्षाचा कोटा त्या चार दिवसांत. डाव्या बाजूला लेडीजचं वेगळं, मधे छातीएवढी भिंत आणि भिंतीवर पांढरा पडदा तारेवर, लाईट गेली की डोअरकीपर मावशी तो सर्रकन बाजूला ओढायची, इंटरव्हलला परत लावायची. दार पण वेगळं, गल्लीतून. बाळांना घेऊन सगळ्या, एक रडलं की दहा रडायची, आणि पुढून पुरुषांच्या बाजूने कुणीतरी ओरडायचं पाजा त्याला. हे दर शोला. कोणाला राग पण यायचा नाही.

१९७५ मधे संतोषी मातेचा पिक्चर आला, आमच्याकडे कितीतरी उशिरा लागला, तेव्हा बायकांनी चपला बाहेर काढल्या होत्या हे खरंच आहे, मी माझ्या आईच्या चपला सांभाळत पायरीवर बसले होते निम्मा पिक्चर. बैलगाड्या गिरणीपासून थेट चावडीपर्यंत. बठ्ठा तालुका लोटेल व्हता.

ऑपरेटरचा_पोरगा

ताई उशिरा लागायचं कारण पण भुसावळच. गावं ए, बी, सी अशी ठरलेली. मोजक्या प्रिंट निघायच्या, त्या आधी मोठ्या गावांत फिरणार, मग जळगाव-धुळे, मग आपण. शोलेबद्दल प्रत्येक गावात एक माणूस भेटतोच जो सांगतो आमच्याकडे १५ ऑगस्ट ७५ ला लागला, ती मुंबईची तारीख हो. आपल्याकडे येईपर्यंत प्रिंटवर एवढे ओरखडे की पडद्यावर पाऊस पडायचा. वडील म्हणायचे सी सेंटरला हिरो छत्री घेऊनच येतो.

आणि एक प्रिंट दोन गावांत. इकडे पहिली रिळं संपली की पोरगा मोटरसायकलवर पेटी घेऊन शेजारच्या गावी, तिकडचा शो तासभर उशिरा लावलेला. एक रीळ हजार फुटांचं, अकरा मिनिटं चालतं, मोठ्या पिक्चरची सोळा-अठरा रिळं. रस्त्यात पंक्चर झालं की तिकडे इंटरव्हल दोनदा. रीळ संपायच्या आधी उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की चेंजओव्हर. वडील अजून टीव्हीवर जुना पिक्चर लागला की त्या कोपऱ्यातच बघतात. गोष्ट काय चाललीये विचारलं तर सांगता येत नाही त्यांना.

भुसावळकर

आणि रिप्रेझेंटेटिव्ह विसरू नका. टक्केवारीवर पिक्चर असला की वितरकाचा माणूस पेटीबरोबर यायचा, तिकिटं मोजायला. त्याला मालकाने शेवभाजी आणि कळण्याची भाकरी घालून झोपवायचं आणि तेवढ्यात थर्डक्लासमधे दोन बाकडी जास्तीची, त्यांची तिकिटं हिशोबात नाहीत. ही कला होती. मी कुणाचं नाव घेत नाही.

खडूस_काका

सगळं छान चाललंय पण सालाचं काय? माझं मत १९४९. युद्धात सिमेंट-लोखंडावर कंट्रोल होता, ४१, ४२, ४३ ला कोण टॉकीज बांधतंय. युद्ध संपल्यावरही लगेच माल मिळत नव्हता. आजोबांचं लग्न ५० ला झालं असेल. संपला विषय.

भुसावळकर

काका युद्ध संपल्यावर काहीच झालं नाही असं नाही. अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी डिसेंबर १९४५ ला स्थापन झाली, तीच पुढे विप्रो. कापसाचा पैसा होता या पट्ट्यात. ज्याला बांधायचं तो बांधत होता.

माहेरवाशीण

थांबा, आज आईला फोन केला. तिचं वय ८५. तिला सरळ विचारलं की टाकी कधी झाली (आमच्याकडे टाकीच म्हणतात) तर म्हणे मला काय माहीत, होतीच. मग मी म्हटलं लहानपणीचं काय आठवतं तिथलं. तर म्हणाली, गांधीबाबा गयात तव्हय टाकीना भोंगा बंद व्हता.

शो सुरू व्हायच्या आधी भोंग्यावर रेकॉर्डी लावायचे ना, अख्ख्या गावाला ऐकू जायच्या, शेवटचं गाणं लागलं की लोक घरून निघायचे. त्या दिवशी संध्याकाळी भोंगा वाजलाच नाही. तिच्या वडिलांनी तिला खांद्यावर घेऊन नेलं, सगळे लोक टॉकीजच्या पायऱ्यांवर बसलेले, शेजारी हॉटेलात रेडिओ होता त्याच्याकडे तोंड करून, कुणी बोलत नव्हतं. तिला वाटलं पिक्चर पायरीवरच दाखवणार. ती रडली म्हणून वडिलांनी फुटाणे घेऊन दिले, आणि हॉटेलवाल्याने पैसे घेतले नाहीत. एवढंच आठवतं तिला, आठ वर्षांची होती.

तापीकाठ

ताई!! म्हणजे ३० जानेवारी १९४८ ला टॉकीज होती. ४९ गेलं.

खडूस_काका

तंबू असेल. तेव्हा टूरिंग टॉकीज गावोगाव फिरायच्या, सारंगखेड्याच्या यात्रेत तर रांगेने तंबू लागायचे. तंबूला पण भोंगा असतो.

ऑपरेटरचा_पोरगा

तंबूला पायऱ्या नसतात काका.

खडूस_काका

पायऱ्या जीनच्या असतील.

ऑपरेटरचा_पोरगा

जीनला पायऱ्या कशाला? कापसाची गाडी आत कशी न्यायची मग? जीनचं दार जमिनीला लागून, नाहीतर गाडीच्या उंचीचा सलग ओटा. तापीकाठ दादा, पायऱ्या किती आहेत आणि कमानीच्याच दगडाच्या आहेत की वेगळ्या, बघा बरं. एकाच दगडाच्या असतील तर कमान, साल आणि पायऱ्या एकाच वेळच्या.

तापीकाठ

सात पायऱ्या. काळा दगड, कमानीचे खांब पण तोच काळा दगड, आणि सर्वात खालची पायरी खांबाच्या दगडात खाचा करून बसवलीये, म्हणजे नंतर लावलेली नाही. फोटो चढवतो रात्री.

वडिलांना सांगितलं. ते म्हणाले मग जीन मागच्या बाजूला असेल. मी म्हटलं बरं.

खडूस_काका

ठीक आहे. ४६ धरा. पण युद्धातलं अगदीच अशक्य होतं असं मी म्हणालो नव्हतो, एवढं लिहून ठेवा. रेकॉर्ड रूमचा कागद येईपर्यंत लेखात "बहुधा" घाला.

तापीकाठ

घालतो काका 🙏 सोमवारी आधी नगरपालिका, मग जळगावला रेकॉर्ड रूम, पूर्व खान्देश नावाने अर्ज लिहून ठेवलाय. ठेकेदाराशी पण बोललो, तो म्हणाला कमानीचा सालवाला तुकडा काढून देतो पण क्रेनचे पैसे तुमचे. झडपा भंगारात जाणार होत्या, त्या मी किलोवर विकत घेतल्या, दोन्ही मिळून माझ्या मोटरसायकलला झेपल्या नाहीत, रिक्षा करावी लागली.

माहेरवाशीण ताई, आईंना विचाराल का भोंग्याचं पुढे काय झालं?

माहेरवाशीण

विचारायची गरज नाही भाऊ, तो मारुतीच्या देवळावर आहे, काकडआरतीला वाजतो. अजून खरखरतो. तुम्ही रोज ऐकत असाल.

ऑपरेटरचा_पोरगा

सोमवारी मी पण येतो जळगावला. वडिलांना घेऊन येतो, त्यांना झडपा बघायच्यात. किती वाजता पोचताय?